भांडवल तेवढंच

जुन्या इंजिनातून जास्त ताकद काढायची म्हटली, की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, इंजिनच बदलून टाका. दुसरा, मोठा कार्बुरेटर बसवा आणि हेड घासून घ्या. माझ्या पुतण्यानं जुनी, उंच बॉनेटची पेट्रोल जीप घेतल्यापासून आमच्या घरी दर रविवारी चहाबरोबर हाच विषय असतो. घाटात ट्रकच्या मागे रांगायचं नाही, एवढीच त्याची मागणी आहे.

मी हिशेबाचा माणूस, मिस्त्री नव्हे. पण या इंजिनाची कुळकथा मला एखाद्या चांगल्या कर्जखात्यासारखी वाटते. भांडवल तेवढंच राहिलं, मिळकत मात्र वाढत गेली.

डेल्मर ऊर्फ बार्नी रूस हा इंजिनिअर १९३८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज कंपनीत आला. तिथं चार सिलिंडरांचं, सुमारे २.२ लिटरचं एक जुनं इंजिन होतं. मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर ते ४८ अश्वशक्ती देई. त्याहून जास्त पळवलं तर थोड्याच वेळात बेअरिंग जात. नवं इंजिन घडवण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता. रूसनं मग सिलिंडरचा व्यास बदलला नाही आणि पिस्टनची धावही बदलली नाही. फेरे वाढवायचे, पण त्याआधी ते सोसण्याची ताकद इंजिनात आणायची, एवढंच त्यानं ठरवलं.

यातलं गणित साधं आहे. पिस्टन वर जातो, थांबतो, पुन्हा खाली येतो. फेरे सव्वापट झाले, तर त्या हिसक्यांचा जोर सव्वापट होत नाही, दीडपटीहून अधिक होतो. म्हणून त्यानं पिस्टन हलके केले, बेअरिंग मजबूत केली, सुट्या भागांच्या मापांतली ढिलाई काढली. शेवटी हे इंजिन ४४०० फेऱ्यांवर दीडशे तास चाललं आणि ४००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देऊ लागलं. अमेरिकी लष्करानं १९४० मध्ये छोट्या गाडीसाठी नमुने मागवले, तेव्हा बँटम आणि फोर्डच्या नमुन्यांची इंजिनं पंचेचाळिशीच्या आसपास होती. विलीजचं इंजिन त्यांच्यात उठून दिसलं, आणि पुढे फोर्डनं जीप बनवल्या त्याही विलीजच्याच आराखड्यावर.

दुसरी वाढ युद्धानंतरची. मूळ इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये होते. आत येणाऱ्या हवेला वळसा घालून सिलिंडरमध्ये उतरावं लागे. १९५० च्या सुमारास हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि तो मोठा करता आला. धूर सोडणारा खालीच राहिला. त्याच २.२ लिटरमधून सत्तरीपुढची अश्वशक्ती मिळू लागली. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उंच झालं. मुंबईत १९४७ पासून विलीज जीप जोडणाऱ्या महिंद्रनं हेच उंच बॉनेटचं मॉडेल नंतर कित्येक वर्षं बनवलं. आपल्या तालुक्याच्या गावांनी पाहिलेली जीप ती हीच.

१९८५ मध्ये आमच्या शाखेची रोकड आणायला अशीच एक भाड्याची जीप असे. मागे लोखंडी पेटी, शेजारी बंदूकधारी पोलीस, आणि संध्याकाळ व्हायला आलेली असताना जीप घाटात दम टाकू लागली. पोलीसदादा बंदूक सावरून खाली उतरले, मी पेटीवर बसून राहिलो. कसेबसे पोचलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हेड उघडलं. टॅपेटची फट राहिलीच नव्हती. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, पण ती लागतेच. कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट नसेल तर व्हॉल्व्ह जागेवर टेकत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्हची कडा जळते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ताकद कुठं गेली नाही. गळतेय."

ते वाक्य मी पुतण्याला ऐकवलं. बेअरिंग झिजलेलं असताना हेड घासून दाब वाढवायचा, म्हणजे आधीची थकबाकी न बघता नवं कर्ज मंजूर करायचं. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं चारही सिलिंडरांचा दाब मोजून घेतला. तीन बरे निघाले, तिसऱ्या नंबरचा फारच कमी.

आता व्हॉल्व्ह घासून बसवायला दिलेत. मोठ्या कार्बुरेटरचे पैसे तूर्त खिशात आहेत. जीप परत आली की आम्ही दोघं घाटात जाणार आहोत. ट्रकच्या पुढे जाता येईल का, हे तिथंच कळेल.