बारा महिने की सोळा महिने? अमेरिकेतील शीघ्र नर्सिंग पदवीची निवड

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन, विवाहानंतर न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या अनेक जैन तरुणींपुढे काही वर्षांनी एक प्रश्न उभा राहतो. मुले शाळेत जाऊ लागलेली असतात, बी.कॉम.च्या बळावर तेथे मनाजोगते काम मिळत नाही, आणि पुन्हा चार वर्षे शिकण्याइतकी सवड नसते. अशांसाठी अमेरिकेत एक मार्ग आहे. कोणत्याही विषयातील पदवी हाती असलेल्या व्यक्तीला साधारण ११ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी देणारा हा शीघ्र अभ्यासक्रम तेथे ‘अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन’ या नावाने ओळखला जातो. भारतात याला समांतर असे काही नाही. येथे बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते, आणि दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आधीच नोंदणीकृत परिचारिका असलेल्यांपुरता असतो.

‘आपल्या घरातील सून नर्स होणार?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो. मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटणारी घरे नर्सिंगचे नाव निघताच गप्प होतात. वास्तविक सहा अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्याची, म्हणजे सेवाशुश्रूषेची, गणना करणाऱ्या परंपरेला हा संकोच शोभत नाही. पण तो विषय येथे इतकाच पुरे. कारण ज्या घरांनी संकोच ओलांडला आहे, त्यांची खरी अडचण पुढे सुरू होते. दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आणि निवड करायची असते.

उदाहरणादाखल असे समजू की एक खाजगी विद्यापीठ १२ महिन्यांत पदवी देते आणि शुल्क ६५,००० डॉलर घेते. दुसरे राज्य विद्यापीठ १६ महिने घेते आणि शुल्क ३५,००० डॉलर आहे. व्यापारी घरात वाढलेले मन लगेच हिशेब मांडते. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यक वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होते. त्या दराने चार महिन्यांचे वेतन ३१,२०० डॉलर होते, म्हणजे शुल्कातील फरक जवळजवळ भरून निघतो. वरवर दोन्ही पारडी समान दिसतात. मात्र नवख्या परिचारिकेला मध्यक वेतन सहसा मिळत नाही, मिळते त्यातून कर कापला जातो, आणि शुल्क कर्जाऊ असेल तर व्याज वेगळे. लवकर संपणारा अभ्यासक्रम अधिक फायद्याचा, हे गृहीतक या हिशेबातच डळमळते.

शिवाय महिने कोठून मोजायचे? महाविद्यालये ते पहिल्या तासिकेपासून मोजतात. कुटुंबाने ते आजपासून मोजले पाहिजेत. प्रवेशापूर्वी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, बहुधा रसायनशास्त्रही, असे पूर्वविषय पूर्ण करावे लागतात. वाणिज्याच्या विद्यार्थिनीजवळ यांतले संख्याशास्त्र सोडले तर फारसे काही नसते. भारतातील तीन वर्षांची पदवी प्रत्येक विद्यापीठ तेथील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची मानतेच असे नाही, म्हणून गुणपत्रिकांचे मूल्यमापन सर्वांत आधी करून घ्यावे. एका विद्यापीठाचे पूर्वविषय पाच आणि दुसऱ्याचे आठ असतील, तर १२ महिन्यांचा अभ्यासक्रम प्रत्यक्षात अधिक लांबू शकतो.

याच पूर्वविषयांत जैन विद्यार्थिनीपुढे एक वेगळा पेच येतो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत शरीररचनेच्या प्रयोगशाळेत मांजराचे विच्छेदन करतात. काही ठिकाणी त्याऐवजी प्रतिकृती, संगणकीय साधने किंवा देहदानातून आलेला मानवी देह वापरतात. पर्याय शोधणे अवघड नाही. पण ऑनलाइन प्रयोगशाळेचे गुण काही नर्सिंग महाविद्यालये मान्य करत नाहीत. म्हणून दोन्ही ठिकाणी आधी विचारावे की विच्छेदनाविना केलेली प्रयोगशाळा चालेल का. हा प्रश्न लाजत लाजत शेवटी विचारण्याचा नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्या वेळी संपूर्ण निवड ठरू शकते.

पदवीनंतर परवान्यासाठी ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा द्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून तिचे स्वरूप बदलले आहे. संगणक उत्तरे पाहत प्रश्न निवडतो, प्रश्न किमान ८५ व कमाल १५० असतात आणि वेळ पाच तासांची असते. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्यापूर्वी साधारणतः ४५ दिवस थांबावे लागते. चार महिने वाचवण्यासाठी घाईचा अभ्यासक्रम घेतला आणि परीक्षा एकदा हुकली, तर वाचवलेल्यातला मोठा भाग तेथेच खर्ची पडतो. अनेक राज्यांची परिचर्या मंडळे प्रत्येक महाविद्यालयाचा पहिल्या प्रयत्नातील निकाल प्रसिद्ध करतात, तो पाहावाच. परंतु या आकड्यात एक खाच आहे. दुबळ्या विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वीच गाळले, तर उरलेल्यांचा निकाल उत्तम दिसतो. म्हणून जोडीला दुसरा आकडा मागावा: शंभर जणांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी ठरल्या मुदतीत किती बाहेर पडले? माल किती विकला एवढेच सांगणाऱ्या आणि किती परत आला हे न सांगणाऱ्या दुकानदाराला व्यापारी जसा ओळखतो, तसेच येथे आहे. मान्यतेचीही खातरजमा करावी. सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांची मान्यता नसेल, तर पुढील पदव्युत्तर प्रवेशात अडथळे येतात.

रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभवाच्या तासांना तेथे ‘क्लिनिकल’ म्हणतात. हे रुग्णालय महाविद्यालय स्वतः ठरवून देते का, आणि ते घरापासून किती दूर असते, हे माहितीपत्रकात क्वचितच ठळक असते. पाळी पुष्कळदा सकाळी सातला सुरू होते आणि बारा तास चालते. जानेवारीच्या प्रारंभी न्यू जर्सीत सूर्योदय सुमारे ७.२० वाजता होतो, त्यामुळे नवकारशी पाळणारीला आठनंतर, कामाच्या मध्यातच काही खाता येते. डिसेंबरात सूर्यास्त साडेचारच्या सुमारास. चौविहार असेल तर दुपारच्या सुटीतच दिवसाचे जेवण उरकावे लागते. पर्युषण ऑगस्ट-सप्टेंबरात येते, नेमके नवे सत्र सुरू होते तेव्हा. १६ महिन्यांच्या अभ्यासक्रमात बुडालेले तास भरून काढण्यास थोडी जागा असते. १२ महिन्यांच्या अभ्यासक्रमात ती जवळजवळ नसते. अठ्ठाई करणारीने हे आधीच पाहून घ्यावे.

शेवटी वेगाची किंमत व्हिसावरही अवलंबून असते. एच-४ व्हिसावर शिक्षण घेता येते, पण पगारी कामासाठी वेगळा परवाना लागतो, आणि २०१५ पासून तो पतीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असेल तरच मिळतो. केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्जही एच-४ वर मिळत नाही. काम करण्याचा परवाना दोन वर्षे येणारच नसेल, तर चार महिने लवकर पदवी घेण्यासाठी अधिकचे ३०,००० डॉलर मोजण्यात अर्थ उरत नाही. परवाना हाती असेल आणि घरात लहान मुलाला सांभाळायला सासूबाई वर्षभरासाठीच येऊ शकत असतील, तर तेच ३०,००० डॉलर योग्य ठरू शकतात.

जागा राखण्यासाठी भरलेली अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. पूर्वविषय, प्रयोगशाळा, मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण आणि रुग्णालयाचे अंतर, एवढ्या चार गोष्टींची उत्तरे ती भरण्यापूर्वीच ईमेलवर, लेखी मागून घ्यावीत.