उरलेल्या दुधाचा धंदा

राजगुरुनगर मागे टाकून पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की मंचर येतं. खेड आणि आंबेगाव हे शेजारचे तालुके. बटाटा, कांदा आणि दूध यांवर दोन्हीकडचा घरखर्च चालतो. चाकणमुळे या पट्ट्याचं नाव आता मोटारींशी जोडलं गेलं आहे. पण मंचरच्या शहा कुटुंबाची ‘पराग मिल्क फूड्स’ ही कंपनी चाकणच्या बहुतेक मोठ्या कारखान्यांच्या आधीची आहे. देवेंद्र शहा यांनी ती १९९२ साली सुरू केली. बंधू प्रीतम शहा सोबतीला होते, पुढे कन्या अक्षाली शहा कारभारात आल्या. कंपनी शेअर बाजारात गेली तरी सूत्रं घरातच राहिली.

एखाद्याच्या डोक्यात चमकदार कल्पना आली आणि डेअरी उभी राहिली, असं इथे झालेलं नाही. दूध उरत होतं, म्हणून ती उभी राहिली.

दूध उरायला लागलं त्याचं कारण पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनमध्ये सापडतं. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली तिथे ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि परदेशी वळूंचं गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेलं. गावठी गाय वासराला पाजून दोन-चार लिटर द्यायची. तिच्या पोटी जन्मलेली संकरित कालवड दिवसाला दहा-पंधरा लिटर देऊ लागली. कालव्यांच्या पाण्यावर हिरवा चारा वाढला. गोठे भरले, पण दूध घेणारी यंत्रणा होती तेवढीच राहिली.

शासकीय दूध योजना आणि सहकारी संघ हेच तेव्हा मुख्य गिऱ्हाईक. पावसाळ्यानंतर हिवाळाभर दूध वाढतं. दुग्ध खात्याच्या भाषेत हा ‘पुष्टकाळ’. या दिवसांत टाक्या भरल्या की संकलन बंद ठेवलं जायचं. त्याला ‘मिल्क हॉलिडे’ असं गोंडस नाव होतं. गाय मात्र त्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ पान्हा सोडणारच. न तापवलेलं, न थंड केलेलं दूध काही तासांत नासतं. ते ओतून देण्यावाचून इलाज नसे. शहांनी मंचर परिसरात दूध घ्यायला सुरुवात केली ती याच काळात.

दिल्लीतही नेमक्या त्याच वेळी दार किलकिलं होत होतं. १९९१ साली दुग्ध व्यवसायासाठीची परवान्याची अट रद्द झाली. पण जून १९९२ मध्ये दूध व दुग्धपदार्थ आदेश आला आणि रोज १० हजार लिटरपेक्षा जास्त दूध हाताळणाऱ्यांना नोंदणीची अट लागली. त्यात दूध कुठल्या भागातून गोळा करायचं याचीही हद्द आखून दिलेली होती. ही हद्द २००२ साली उठली. खासगी डेअऱ्या खऱ्या अर्थाने पसरल्या त्या त्यानंतर.

दूध घेणं सोपं, त्याचं करायचं काय हा प्रश्न अवघड. हिशेब साधा आहे. गायीच्या दुधात साडेतीन टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून बाकीचे घन पदार्थ. शंभर लिटरमधून साडेतीन किलोच्या आसपास तूप आणि साडेआठ-नऊ किलो भुकटी निघते; बाकी सगळं पाणी. नासणारी वस्तू टिकणारी झाली, की मग ती विकायला घाई करावी लागत नाही. ‘गोवर्धन’ नावाचं गायीचं तूप या हिशेबातून आलं आणि कंपनीची ओळख तेच बनलं. गायीच्या दुधातल्या कॅरोटीनमुळे ते पिवळं दिसतं. म्हशीच्या पांढऱ्या, रवाळ तुपावर वाढलेल्या पुणेरी जिभेला ते पटवणं काही सोपं काम नव्हे, असं माझं स्वतःचं मत.

२००८ च्या सुमारास मंचरला चीजचा मोठा कारखाना उभा राहिला. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं आणि मागे उरतं नऊ किलोच्या आसपास हिरवट पिवळं पाणी. घरी पनीर केलं की आपण जी निवळी ओतून देतो, तिचीच ही बहीण. पण कारखान्यातली निवळी ओढ्यात सोडली तर ती पाण्यातला प्राणवायू खाऊन मासे मारते. गाळून, सुकवून तिच्यातलं प्रथिन वेगळं काढलं, तर व्यायामशाळेत जाणारी मुलं त्याच्या डब्यांना चांगले पैसे मोजतात. ‘अवतार’ हा कंपनीचा प्रथिनांचा ब्रँड या निवळीतून जन्मला. दुधातून उरलं त्याचं चीज झालं, चीजमधून उरलं त्याचं प्रथिन. या घराण्याच्या धंद्याचा इतिहास मला तरी असाच वाचावासा वाटतो.

‘भाग्यलक्ष्मी’ हा मंचरचा गोठा मात्र या साखळीत बसत नाही. तिथे होल्स्टीन फ्रिजियन गायी फिरत्या चक्रावर उभ्या राहतात आणि चक्र एक फेरी पूर्ण करेपर्यंत यंत्राने धार काढून होते. तिथलं दूध २०११ पासून ‘प्राइड ऑफ काऊज’ या नावाने पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांत थेट पोचतं. दर पिशवीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त.

महाराष्ट्राचं आवडतं डेअरी घराणं अर्थातच चितळ्यांचं. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये भिलवडीला व्यवसाय सुरू केला, तो रेल्वेच्या आधाराने; मुलांनी पुढे पुण्यात दुकान थाटलं. त्यांनी दुधाला मिठाईचा आणि बाकरवडीचा शेजार दिला. मंचरकरांनी कारखाना आणि भांडवल यांची वाट धरली.

त्या वाटेवर खड्डेही आहेत. २०१६ मध्ये २१५ रुपये दराने शेअर विकले गेले. आंध्रातल्या पलमनेर आणि हरियाणातल्या सोनीपत इथेही कारखाने झाले. आणि २०२१-२२ या वर्षात कंपनीला पाचशे कोटींहून मोठा तोटा दाखवावा लागला. टिकाऊ मालालाही शेवटी गिऱ्हाईक लागतंच. २०२४ मध्ये भुकटी आणि लोण्याचे भाव पडले, तेव्हा राज्य सरकारला गायीच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं.

आज राज्यात सहकारी संघांपेक्षा खासगी डेअऱ्यांचं संकलन जास्त आहे. संघात शेतकरी सभासद असतो, निवडणुकीत मत देतो. कंपनीच्या सभेत मत शेअरवाल्याला, दूध घालणाऱ्याला नाही. राजगुरुनगरच्या आसपासचा गोठेवाला या फरकावर भाषण करत बसत नाही. १९६० पासूनचा कात्रजचा जिल्हा संघ आहे, खासगी केंद्रं आहेत. पेंडीचं पोतं उधार कोण देतं आणि दहा दिवसांच्या बिलात लिटरमागे पन्नास पैसे जास्त कोणाचे निघतात, हे तो पाहतो आणि किटली त्या केंद्रावर नेतो.