चाकांवरचे घर, दोन म्हातारे जीव आणि एक कुत्रा

साठी उलटली की सकाळी दूध आणावे, नातवंडांना शाळेत सोडावे, संध्याकाळी कट्ट्यावर बसावे, असे आपल्याकडे ठरूनच गेले आहे. कुठे फिरायला जायचे म्हटले तर "आता या वयात कशाला?" असे आधी घरचेच विचारतात. अमेरिकेत मात्र हजारो सेवानिवृत्त जोडपी नेमकी याच वयात घराला कुलूप लावतात, काही तर घर विकूनच टाकतात, आणि चाकांवरच्या घरात बसून आपला देश पाहायला निघतात. सोबतीला पुष्कळदा एक कुत्रा असतो. हे सारे धनाढ्य लोकांचे चोचले असतील असे वाटते, पण तसे नाही. त्यात ट्रकचालक असतात, परिचारिका असतात, शाळेतल्या बाई असतात, फौजेतून सुटलेले जवान असतात. पगारावर जगलेल्या माणसांना हे कसे जमते, आणि कुठे जमत नाही, ते वाचकांना कळावे म्हणून हा लेखप्रपंच.

या गाडीला तिकडे आर.व्ही. म्हणतात. काही गाड्या आपल्या लक्झरी बसएवढ्या लांब असतात, काही व्हॅनएवढ्या, तर काही नुसत्या ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या मागे जोडून ओढत न्यायच्या. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि संडास, सगळे असते. मोठ्या गाड्यांची तर भिंतच बटण दाबले की बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव आणि त्याच्या आसपासचा भाग या उद्योगाचे माहेरघर आहे. विनेबॅगो ही आयोवा राज्यातील कंपनी १९६६ पासून मोटारहोम बनवते, आणि तिकडे अशा कुठल्याही गाडीला लोक सरसकट 'विनेबॅगो'च म्हणू लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे, त्यातलाच प्रकार.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. तळावर मुक्काम केला की विजेची तार आणि पाण्याची नळी जोडायची. टाकी भरत आली की ठरलेल्या जागी जाऊन रबरी हातमोजे चढवायचे, जाड नळी लावायची, झडप उघडायची आणि मैला गटारात सोडायचा. नंतर नळी धुऊन जागच्या जागी ठेवायची. हे काम दुसरा कोणी येऊन करीत नाही. बँकेचा निवृत्त मॅनेजर असो की फौजेतला कर्नल, आपला मैला आपणच काढायचा. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट नवख्याला शेजारचा अनुभवी माणूस उभा राहून शिकवतो. या साऱ्या फिरस्तीत आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे. का, ते आमच्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

आता हिशोब. आम्ही पडलो कारकून, तेव्हा जमाखर्च पाहिल्याशिवाय पुढे जाणे आमच्याने होत नाही. मोठे मोटारहोम एका गॅलनला आठ मैलांच्या आसपास जाते, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरही नाही. हजार मैलांना सव्वाशे गॅलन लागतात. गॅलनला तीन डॉलर धरले तरी पावणेचारशे डॉलर नुसत्या इंधनाला गेले. म्हणून जाणती जोडपी धावपळ करीत नाहीत. एका जागी आठवडा-पंधरवडा राहायचे, मग पुढे सरकायचे. दुसरी गोष्ट घसाऱ्याची. वीटमातीच्या घराची किंमत बहुधा वाढते, चाकांच्या घराची पहिल्या वर्षापासून उतरते. घर विकून सगळा पैसा नव्याकोऱ्या गाडीत घालणाऱ्याने हे वहीत मांडून पाहावे. आमच्या मते जुनी, नीट ठेवलेली गाडी घेणारा शहाणा.

मात्र खर्चाच्या बाजूला एक मोठी सवलत आहे. वयाची ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला तिथले केंद्र सरकार तहहयात पास देते. त्याची किंमत ८० डॉलर. ऑगस्ट २०१७ पर्यंत ती अवघी १० डॉलर होती. हा पास दाखवला की यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन अशी राष्ट्रीय उद्याने धरून केंद्र सरकारच्या दोन हजारांवर ठिकाणी प्रवेश मिळतो, गाडीतल्या बाकीच्या माणसांसह. एकट्या यलोस्टोनला एका गाडीचे ३५ डॉलर पडतात, तेव्हा तीन उद्याने पाहिली की पास वसूल. पुष्कळ सरकारी तळांवर मुक्कामाचे भाडेही निम्मे होते. हा पास कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, असणाऱ्यांनाही मिळतो. आपल्या समाजातील ज्या आईवडिलांना मुलांनी ग्रीन कार्डावर तिकडे नेले आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. नुसते व्हिसावर गेलेल्यांना मात्र तो मिळत नाही.

हिवाळ्यात ही मंडळी पाखरांसारखी दक्षिणेकडे उतरतात. ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्ट्‌झसाईट नावाचे छोटेसे गाव आहे. त्याच्या शेजारच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, असे सात महिने राहण्याचा परवाना १८० डॉलरला मिळतो. भागाकार केला तर दिवसाला एक डॉलरही पडत नाही. गाडीजवळ विजेची जोडणी नसते, म्हणून टपावर सौर तक्ते लावायचे. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला ठरलेल्या जागी जायचे. उन्हाळ्यात ओसाड असणारे हे गाव जानेवारीत गाड्यांनी फुलून जाते.

आता कुत्र्याकडे वळू. मुले आपापल्या संसारात, शेजार रोज नवा, अशा वेळी ओळखीचा तिसरा जीव गाडीत असला की बरे वाटते. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ त्याला हिंडवावे लागते, त्यामुळे म्हातारा-म्हातारीचेही पाय चालते राहतात. आणि तळावर अनोळखी माणसे आधी कुत्र्याशी बोलतात, मग मालकाशी. पण कुठे जायचे आणि कुठे नाही, हे पुष्कळदा तोच ठरवतो. काही खाजगी तळांवर ठरावीक जातीच्या कुत्र्यांना मज्जाव असतो. लसीचा दाखला कागदपत्रांच्या फाईलमध्ये जपून ठेवावा लागतो, कारण अलास्काला मोटारीने जायचे तर मधे कॅनडाची हद्द लागते आणि तिथे रेबीजच्या लसीचा कागद मागतात. वाळवंटात चोया नावाच्या निवडुंगाचे काटे पंजात घुसतात, ते काढायला जुना कंगवा हाताशी ठेवतात. आणि वीज गेली, गाडीतले एअरकंडिशनर बंद पडले की बंद गाडीत कुत्रा तासाभरातही दगावू शकतो. म्हणून आतले तापमान मोबाईलवर कळवणारी यंत्रे आता लोक बसवतात.

राष्ट्रीय उद्यानांचे नियम कडक आहेत. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. यलोस्टोनमध्ये कुत्र्याला पायवाटांवर आणि लाकडी फळ्यांच्या वाटांवर मुळीच नेता येत नाही. रस्ते, वाहनतळ आणि मुक्कामाचे तळ यांच्यापासून शंभर फुटांच्या आतच त्याने राहायचे. हे नियम वाचून कुत्राप्रेमी कुरकुर करतात. त्यांनी १९८१ सालच्या जुलै महिन्यात तिथे काय घडले ते माहीत करून घ्यावे. एका प्रवाशाचा कुत्रा गाडीतून निसटला आणि उकळत्या पाण्याच्या कुंडात पडला. त्याला वाचवायला मालकाच्या २४ वर्षांच्या मित्राने लोक ओरडत असताना त्या पाण्यात उडी घेतली. पाणी ९० अंशांच्या वर तापलेले होते. कुत्रा गेला आणि तो तरुणही वाचला नाही.

म्हणून बहुतेक जोडपी पाळी लावतात. आज तिने झरे पाहून यायचे, त्याने कुत्र्याजवळ बसायचे. उद्या त्याने जायचे. दोघांनी मिळून सारा देश पालथा घातला, पण कितीतरी ठिकाणे एकेकट्याने पाहिली, असा हा संसार. काही उद्याने मात्र उदार आहेत. ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि मेन राज्यातील अकेडिया इथे कुत्र्याला बहुतेक वाटा मोकळ्या आहेत. ग्रँड कॅन्यनला दक्षिण काठावरून त्याला पट्ट्याने फिरवता येते, खाली दरीत मात्र उतरवता येत नाही. नियम पाळणाऱ्या कुत्र्याला बऱ्याच उद्यानांत 'बार्क रेंजर' असा बिल्लाही देतात. बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात आणि अभिमान मालकाच्या तोंडावर.

आमच्या भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुष्कळ जोडप्यांत गाडी नवराच चालवतो आणि बायको शेजारी बसून नकाशा पाहते. बहुतेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर हे धूड चालवता येते, पण बाई म्हणते, मला नाही जमणार. मग कुठल्यातरी आडरानात नवऱ्याच्या छातीत कळ येते आणि गाडी जागची हलवायलाही कोणी नसते. दोघांना सगळी कामे आली पाहिजेत, चालवण्यापासून टाकी उपसण्यापर्यंत. आणि त्याने पोळी नाही तरी अंडे तरी तळायला शिकावे. घर चाकांवर गेले म्हणून चूल बाईच्याच गळ्यात का?

हे रस्ते आज सर्वांना मोकळे आहेत, पण नेहमीच होते असे नाही. काळ्या माणसाकडे मोटार घ्यायला पैसा असला तरी रात्री मुक्कामाला खोली मिळेल की नाही, उपाहारगृहात बसू देतील की नाही, याची खात्री नसे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचे पोस्टमन होते. १९३६ साली त्यांनी एक पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला कुठल्या गावात कोण थारा देईल, कोण जेवू घालील, त्याचे पत्ते तिच्यात दिलेले असत. 'ग्रीन बुक' नावाने ती तीस वर्षे निघत राहिली. व्हर्जिनियातील शेनांडोआ या राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली काळ्यांसाठी लुईस माउंटन हा वेगळा तळ काढण्यात आला. देश एक, डोंगर एक, मात्र तंबू ठोकायची जागा वेगळी! ही वाटणी पुरती संपायला १९५० उजाडले. हॉटेले-उपाहारगृहांतला भेद कायद्याने बंद झाला तो १९६४ साली. ग्रीन मास्तरांना ते पाहायला मिळाले नाही, ते १९६० सालीच गेले.

त्याच १९६० साली जॉन स्टाइनबेक हे थोर लेखक ट्रकवर खोपटे बसवून, चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन देश पाहायला निघाले होते. वय ५८. कुत्र्याबरोबरच्या या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९६२ साली आले आणि आजही आर.व्ही.वाले ते आवडीने वाचतात. पण त्यात नुसती निसर्गशोभा नाही. प्रवासाच्या अखेरीस ते न्यू ऑर्लिन्सला पोहोचले, तेव्हा रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जात होती. केंद्र सरकारचे अधिकारी तिला शाळेत पोहोचवीत होते आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गोऱ्या बायका त्या पोरीला अचकट विचकट शिव्या देत होत्या. स्टाइनबेकनी हे डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या सगळ्यांचे डोळे इतके उघडे नसतात.

आता दुसरी बाजू. चाकांवरच्या घरातले सगळेच हौसेने निघालेले नसतात. २००८ च्या मंदीत अनेकांची घरे गेली, पुंजी बुडाली. नेवाडा राज्यात एम्पायर हे जिप्समच्या कारखान्याचे गाव होते. २०११ साली कारखाना बंद झाला, वसाहत रिकामी झाली, गावाचा पिन कोडसुद्धा रद्द झाला. गिरणगावात वाढलेल्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. अशी साठीची, सत्तरीची माणसे व्हॅनमध्ये राहून हंगामी कामे शोधत फिरू लागली. शरदात बीटच्या काढणीला बारा-बारा तासांची पाळी, नाताळच्या गर्दीत गोदामांत दिवसभर पायपीट, उन्हाळ्यात तळांची राखण आणि संडासांची सफाई. अ‍ॅमेझॉन कंपनीने तर आर.व्ही.त राहणाऱ्यांसाठी गोदामकामाची खास योजनाच चालवली होती, ती आता बंद झाली आहे. जेसिका ब्रुडर या पत्रकार महिलेने यांच्यात राहून २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. तळावर दोन गाड्या शेजारी उभ्या असतात, दोन्हींच्या दारात कुत्रा बसलेला असतो. एक जण सहलीला आलेला असतो आणि दुसऱ्याला जायला घरच नसते. बाहेरून ओळखता येत नाही.

दुखण्याखुपण्याचे काय? तिकडे ६५ व्या वर्षी मेडिकेअर हा सरकारी विमा लागू होतो. मूळ सरकारी विमा देशात कुठेही चालतो. परंतु खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या त्याच्या प्रकारांत बहुधा ठरावीक भागातलेच डॉक्टर असतात. कायम हिंडणाऱ्याने सही करण्याआधी हे बारकाईने वाचावे. बारीक अक्षर वाचायचा कंटाळा गरिबालाच महाग पडतो. पत्त्याचाही प्रश्न असतो. मतदान, परवाना, टपाल या सगळ्यांना पत्ता लागतो, आणि घर तर फिरते. १९७८ साली जो आणि के पीटरसन या जोडप्याने 'एस्केपीज' नावाचा क्लब सुरू केला. जो वीजतंत्री, के परिचारिका, म्हणजे दोघेही कष्टाची भाकरी खाणारे. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन या गावी क्लबचे कार्यालय आहे. सभासदाचे टपाल तिथे येते आणि तो जिथे असेल तिथे पुढे धाडले जाते.

त्याच आवारात क्लबने आणखी एक सोय केली आहे. वयोमानाने किंवा आजाराने ज्यांचे हिंडणे थांबले, त्यांनी तिथे गाडी कायमची उभी करावी. तीन वेळचे जेवण मिळते, डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची व्यवस्था होते, शुश्रूषेला माणसे असतात. राहायचे मात्र आपल्याच गाडीत, आपल्याच पलंगावर. शेजारच्या गाडीतही असेच कोणी सारा देश फिरून आलेले असते.