कारखाना आला, पाळणाघर कधी येणार?

शेतात रोजंदारीला जाणाऱ्या आपल्या आई-आजीला आठवा. तान्हे मूल घरी ठेवायला कोणी नसे. मग बांधावरच्या लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, आठ-दहा वर्षांच्या थोरल्या लेकीला झोका द्यायला बसवायचे आणि आपण कापसाच्या ओळीला लागायचे. विंचूकाट्याचे भय होते, ऊन होते. शिवाय त्या थोरल्या लेकीची शाळा बुडत होती. पण मूल डोळ्यांसमोर असे. ती झोळी हेच मजूर बाईचे पाळणाघर होते.

पैठण रस्त्यावरच्या बिडकीन परिसरात आता ती शेतेच राहिली नाहीत. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी बिडकीन, निलजगाव आणि आसपासच्या तांड्यांची जमीन गेली. शेंद्रा आणि बिडकीन मिळून 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी उभी राहत आहे. त्यातला एकट्या बिडकीनचा भाग सुमारे ३२ चौरस किलोमीटरचा आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अॅथर, टोयोटा किर्लोस्कर अशा कंपन्यांनी त्याच वर्षी येथे कारखाने काढण्याचे जाहीर केले. रस्ते, पाणी, वीज, सांडपाणी यांचे नकाशे आधी तयार झाले आणि मग कारखाने आले. याला नियोजन म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

पण या नगरीत कामाला येणाऱ्या बाईचे मूल कोठे बसेल, याचा नकाशा कोणी काढला? जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतो. भूमिहीन बाईची मजुरी गेली आणि झोळी बांधायचे झाडही गेले. कारखान्याच्या फाटकातून तर मूल आत नेता येत नाही.

हिशेब अवघड नाही

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, नव्या कामामुळे गावात एक हजार कुटुंबे राहायला आली. घरटी चार माणसे धरली तर चार हजार लोक झाले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे सुमारे १२ मुले सहा वर्षांपर्यंतची होती. म्हणजे ४८० मुले झाली. त्यांतली निम्मी, सुमारे २४०, तीन वर्षांवरची धरली तर ती अंगणवाडीत रोज बसायची. सरकारी निकषाप्रमाणे साधारण ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी, म्हणजे पाच नव्या अंगणवाड्या हव्यात. प्रत्येक अंगणवाडीत पन्नासच्या आसपास मुले येतील.

हा आकडासुद्धा कमीच आहे. नोकरीसाठी गाव सोडून येणारी जोडपी तरुण असतात. त्यांच्या घरात लहान मुलांचे प्रमाण जुन्या गावापेक्षा जास्त असणार. शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नाही. तिच्याऐवजी २०२७ ची जनगणना ठरली आहे. तिचे आकडे हाती येऊन कागद हलेपर्यंत आज रांगणारे मूल पहिलीत जाऊन बसेल. म्हणून वाढत्या गावाने जनगणनेची वाट पाहू नये, आपली मुले आपणच मोजावीत.

मागितले तर मिळण्याचा हक्क

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सहा वर्षांखालील मुलांचा आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण तिच्यात येते. पण बऱ्याच ठिकाणी अंगणवाडी गावाच्या मध्यावर भरली आणि कडेच्या वस्तीतले लेकरू तिच्यापर्यंत पोचलेच नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात दोन गोष्टी बजावल्या. पहिली, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शोधून तेथे अग्रक्रमाने अंगणवाड्या काढाव्यात. दुसरी, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे.

किती घरांना हे ठाऊक आहे? निकाल झाला म्हणून अंगणवाडी आपोआप उघडत नाही. कोणीतरी मागणीचा अर्ज लिहावा लागतो.

खरे तर 'अंगणवाडी' या शब्दातच हा विचार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बालशिक्षणाचे काम केले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. मूल जेथे आहे तेथे जागा करायची, हे महाराष्ट्राला नवे नाही.

चार तासांनी काय होणार?

मात्र अंगणवाडी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ती भरते जेमतेम चार तास. कारखान्याची पाळी आठ तासांची, त्यात जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. मधले तास मूल कोणी सांभाळायचे? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते, थोरली मुलगी. आज धाकट्याला ताप आहे म्हणून ती शाळेला दांडी मारते, उद्या आईची पाळी बदलली म्हणून. सातवी-आठवीला पोचता पोचता तिचे नाव पटावरून जाते. झोळीला झोका देणाऱ्या मुलीची जी गत झाली तीच हिचीही होते. एका पाळणाघराच्या अभावी दोन मुलांचे नुकसान होते.

यासाठी केंद्र सरकारची 'पाळणा' योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिच्यात अंगणवाडीला जोडूनच पाळणाघर चालवता येते. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, अशी तिची रचना आहे. सेविका-मदतनिसांच्या जोडीला पाळणाघरासाठी वेगळ्या कार्यकर्त्या नेमायच्या आहेत. आई नोकरदार असो, धुणीभांडी करणारी असो वा बांधकामावर जाणारी असो, तिचे मूल घेता येते. साडेसात तासही पाळीला थोडे कमीच पडतात, म्हणून वेळ कारखान्याच्या भोंग्याशी जुळवून मागितली पाहिजे.

मालकावरही जबाबदारी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असल्या तर पाळणाघराची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे ५० कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ दिले पाहिजे. अनेक कारखान्यांनी मिळून एक सामाईक पाळणाघर काढण्याचीही मुभा आहे. ऑरिकसारख्या वसाहतीला ही सोय सर्वांत सोयीची आहे. कारण ठेकेदाराकडे चाळीसच माणसे असली तर त्यांच्या मुलांनी जायचे कोठे?

हा खर्च कोणी करायचा, असे विचारले जाते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून तो भार सरकारने सोसावा आणि स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्यातला वाटा उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. पाळणाघराच्या खर्चालाही हाच न्याय लावावा.

आपण काय करायचे?

वस्तीतल्या चार जाणत्या बायकांनी एका रविवारी वही घेऊन घरोघर फिरावे. प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, आई कामाला जाते का आणि कोणत्या वेळी, एवढे लिहावे. भाड्याच्या खोलीत परवा राहायला आलेल्या बिऱ्हाडालाही वगळू नये. बाहेरगावचे म्हणून त्यांच्या मुलांचा हक्क कमी होत नाही. मूल सांभाळायला घरी राहिलेल्या मुलींची यादी वेगळी करावी.

ही यादी अंगणवाडी सेविकेच्या नोंदीशी ताडून पाहावी. मग सह्या-अंगठ्यांसह मागणीचा अर्ज पैठणच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यावा, त्याची प्रत ग्रामसभेत वाचावी आणि पोच घ्यायला विसरू नये. तीन महिन्यांची मुदत त्या तारखेपासून मोजायची असते. नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर होताना पाळणाघरासाठी जागा राखून ठेवा, ही मागणीही आताच करावी. घरे आणि दुकाने उभी राहिल्यावर मुलांसाठी मोकळा कोपरा उरत नाही.

कारखान्यांचे आकडे कोटींत मोजले जातात. आपल्या वस्तीतली मुले मोजायला एक वही आणि एक रविवार पुरतो. ती वही या आठवड्यातच काढा, आणि पहिल्या पानावर त्या थोरल्या मुलीचे नाव लिहा जिला सोमवारी शाळेत पाठवायचे आहे.