अर्ज नको, आधी अभ्यास दाखवा
(शिक्षणाच्या आडवाटा : भाग ६)

परदेशी विद्यापीठाच्या अर्जाचा पसारा गेल्या भागात पाहिला: गुणपत्रिका, जीआरई, एसओपी, शिफारसपत्रं. कल्याण-डोंबिवलीत बीएस्सी करून चार वर्षं वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणाऱ्याचं घोडं अडतं ते शिफारसपत्रापाशी. भरगच्च वर्गात शिकवणाऱ्या सरांना चेहरा आठवला तरी नशीब. मग मसुदा विद्यार्थीच करतो आणि सर सही ठोकतात. अशा कागदावरून पारख ती काय होणार!

कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसनं हा कागदच काढून टाकला. कोर्सेरावरच्या त्यांच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन एमएसला जीआरई लागत नाही, जुने गुणही कुणी विचारत नाही. एकेका क्रेडिटचे ठरावीक तीन कोर्स करायचे, सरासरी ३.० म्हणजे ‘बी’ राखायची, की प्रवेश पक्का. ही तीन क्रेडिट्स पदवीच्या ३० मध्येच धरली जातात. यातली कामाची गोष्ट अशी की, तेच कोर्स आधी क्रेडिटशिवाय, कोर्सेराच्या वर्गणीवर करून पाहता येतात. झेपले तर फी भरून क्रेडिट घ्यायचं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून रात्री घरी येणाऱ्यानं तर आधी हेच करावं. अभ्यासाला खरोखर किती तास उरतात ते फुकाच्या उत्साहात कळत नाही. क्रेडिटला ५२५ डॉलर धरले तरी पदवी पंधरा हजार डॉलरच्या वर जाते. दार उघडं आहे, स्वस्त नाही.

एमआयटीची रीत निराळी. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या विकास-अर्थशास्त्राच्या मायक्रोमास्टर्समध्ये कोर्सची फी उत्पन्न पाहून ठरते आणि परीक्षा देखरेखीखाली होते. त्यातल्या कामगिरीवर पुढच्या मास्टर्ससाठी निवड होते. पहिली तुकडी २०२० मध्ये एमआयटीच्या कॅम्पसवर गेली. बॅचलर पदवी नसली तरी अर्ज करता येतो. मात्र इथे पास होणं म्हणजे प्रवेश नव्हे, निवड व्हावी लागते.

आपल्याकडे आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये बीएस पदवीसाठी हाच मार्ग धरला. जेईई नाही; चार आठवडे शिका, गृहपाठात किमान गुण मिळवा, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्या. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यातही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट मोकळी आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील, तर मास्टर्स न करताही पीएचडीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे पहिल्या सत्राचे गुणही पुढे मोजले जाणार. एफवायला ‘केटी लागली तर लागू दे’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माझं मत स्पष्ट आहे: निवडीची ही पद्धत शिफारसपत्रापेक्षा कितीतरी प्रामाणिक. पण परदेशी ऑनलाइन पदवी इथल्या सरकारी नोकरीला किंवा पीएचडीला चालेलच असं धरून बसू नका. जिथे ती दाखवायची आहे, तिथून आधी लेखी उत्तर घ्या आणि मगच क्रेडिटची फी भरा.