जुन्या यंत्राला नवा प्राण : गॅरार्ड ३०१ आणि दुरुस्तीची सचोटी

इ.स. १८५२ मध्ये लंडनमधील गॅरार्ड या राजघराण्याच्या जवाहिरी पेढीच्या देखरेखीखाली कोहिनूर हिऱ्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. आदल्या वर्षी लंडनच्या भव्य प्रदर्शनात तो मांडला गेला, तेव्हा पाहणाऱ्यांना त्यात अपेक्षेइतके तेज दिसले नव्हते. म्हणून हॉलंडहून निष्णात पैलूकार बोलावण्यात आले आणि ३८ दिवस काम चालले. तेज वाढले खरे. परंतु सुमारे १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. जुन्या वस्तूला सुधारताना काय हाती येते आणि काय कायमचे जाते, याचे याहून ढळढळीत उदाहरण जवाहिऱ्यांच्या व्यवसायात क्वचितच सापडेल.

याच पेढीने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, एक निराळा उद्योग आरंभिला. तोफखान्याला अंतर मोजणारी अचूक उपकरणे हवी होती आणि सूक्ष्म कामाची सवय असलेले हात जवाहिऱ्यांकडे होते. त्यातून गॅरार्ड इंजिनिअरिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. युद्ध संपले, उपकरणांची मागणी थांबली. तेव्हा कंपनीने इंग्लंडमधील स्विंडन या गावी ग्रामोफोनसाठी स्प्रिंगच्या मोटारी बनविण्यास प्रारंभ केला. हिऱ्याच्या पेढीवरचे नाव अशा रीतीने तबकडीखालच्या यंत्रावर आले.

तीन गतींचे एक यंत्र

१९५४ मध्ये गॅरार्डने ‘३०१’ हे यंत्र बाजारात आणले. तो काळ संक्रमणाचा होता. जुन्या तबकड्या लाखेच्या असत आणि मिनिटाला ७८ फेरे घेत. ही लाख प्रामुख्याने भारतातूनच जात असे. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली. घरोघरी तिन्ही प्रकार जमू लागले. ३०१ या तिन्ही गती देत असे आणि तेही नभोवाणी केंद्रांत चालेल अशा अचूकतेने. बीबीसीनेही हे यंत्र वापरले.

त्याची रचना समजण्यास कठीण नाही. मोटारीच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची एक लहान पुली असते. पुली आणि जड ॲल्युमिनियमच्या थाळीची आतली कड यांच्या मध्ये एक रबरी चाक बसते, त्याला आयडलर म्हणतात. पुलीच्या ज्या पायरीवर हे चाक टेकेल, त्याप्रमाणे थाळीची गती ठरते. मोटारीच्या दांड्यावरील ॲल्युमिनियमच्या चकतीजवळ एक चुंबक आहे. बटण फिरवून चुंबक पुढेमागे केले की गती किंचित कमी-जास्त होते. पट्ट्याचा झोल नाही की ताण नाही. मोटारीचे बळ थेट थाळीपर्यंत पोहोचते, म्हणून तबल्याची थाप किंवा सतारीचा आघात ठाशीव ऐकू येतो, असे जाणकार सांगतात.

याच रचनेचा एक दोषही आहे. मोटारीची घरघर त्या रबरी चाकावाटे थाळीत आणि तेथून सुईत उतरू शकते. १९७० च्या दशकात पट्ट्यावर चालणारी आणि थेट मोटारीवर थाळी बसविलेली यंत्रे रूढ झाली, तेव्हा याच दोषामुळे रबरी चाकाची यंत्रे अडगळीत गेली. गॅरार्ड कंपनी १९६० मध्ये प्लेसी या उद्योगसमूहाकडे आणि १९७९ मध्ये ब्राझीलच्या ग्रॅडिएंटे कंपनीकडे गेली. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि तबकडीचेच दिवस भरले असे सर्वांना वाटू लागले.

परंतु जपानमधील काही रसिकांनी ही जुनी यंत्रे जपली होती. टोकियोच्या शिंदो लॅबोरेटरीने ३०१ ला नवे बेअरिंग, नवी थाळी व जड बैठक देऊन ते पुन्हा मानाने उभे केले. इंग्लंडमध्ये लॉरिक्राफ्ट या छोट्या उद्योगाने जुन्या गॅरार्डची दुरुस्ती हेच आपले काम मानले. हळूहळू ध्यानात आले की घरघर हा यंत्राचा जन्मजात दोष जितका, तितकाच तो थकलेल्या वंगणाचा, कडक झालेल्या रबराचा आणि पोकळ लाकडी खोक्याचा परिणाम आहे. तबकडीलाही पुन्हा दिवस आले. अमेरिकेत २०२० मध्ये तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीपेक्षा अधिक झाले.

दुरुस्तीचा क्रम

चांगला कारागीर जुने यंत्र हाती आल्यावर प्रथम विजेला जोडत नाही. आधी तो पाटी वाचतो : व्होल्टेज कोणते, वारंवारता कोणती. मग सर्व भाग सुटे करून, क्रमाने मांडून, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

सर्वात आधी थाळीचे बेअरिंग. सुरुवातीच्या ३०१ मध्ये ग्रीसचे बेअरिंग होते, नंतरच्या यंत्रांत तेलाचे आले. एकाचे वंगण दुसऱ्यात घालणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. साठ-सत्तर वर्षांत ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते पूर्ण काढून, दांडा पुसून, खालची आधाराची चकती झिजली आहे का ते पाहावे लागते. मग मोटार. तिची पितळी बेअरिंगे सच्छिद्र असतात आणि तेल धरून ठेवतात. ती स्वच्छ करून नव्या तेलात मुरवावी लागतात. पुन्हा जोडल्यावर मोटार बंद केली की ती झटकन थांबता कामा नये, सावकाश फिरत फिरत निवांत झाली पाहिजे. ज्या स्प्रिंगांवर मोटार टांगलेली असते, त्या पसरल्या वा गंजल्या असतील तर कितीही तेल घातले तरी घरघर जात नाही.

रबरी चाकाची परीक्षा बोटाने होते. रबर दाबले जात नसेल, काचेसारखे चकाकत असेल, तर ते बदलावे किंवा घासून नवे करावे लागते. आयडलरच्या कोणत्याही यंत्रात चाक वर्षानुवर्षे दाबलेल्या स्थितीत राहिले तर त्यावर खळगा पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला ‘धप्’ असा आवाज येतो. शेवटी वीज : स्विचमधील ठिणगी दाबणारा जुना कपॅसिटर बदलणे आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग देणे, हे दोन्ही अनिवार्य आहे. रंग आणि चकाकी यांचा विचार या सर्वांनंतर.

गती बरोबर आहे की नाही हे तपासण्याची युक्ती फार जुनी आणि स्वस्त आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून तिच्यावरचा निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ज्या गोल कागदावर १८० रेषा आखल्या आहेत, तो ३३⅓ फेऱ्यांनी फिरला तर त्या दिव्याखाली रेषा स्थिर दिसतात. रेषा पुढे सरकल्या तर गती अधिक, मागे सरकल्या तर कमी. कित्येक एलईडी दिवे असे लुकलुकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या उजेडात ही परीक्षा फसते.

बदल कोठवर?

३०१ हे मुळात अपूर्णच विकले जात असे. त्याला बैठक नसे आणि सुईचा दांडा, म्हणजे टोनआर्म, नसे. ते गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीने करून घ्यायचे. म्हणून या यंत्रात आपल्या आवडीचा बदल करणे हा काही अपराध नव्हे, त्याची सोय मूळ रचनेतच आहे. कोणी थरांच्या प्लायवूडची जड बैठक करतो, कोणी दगडी पाटाची. कोणी नऊ इंची आर्म बसवितो, कोणी बारा इंची. कोणी गती अधिक स्थिर राहावी म्हणून स्वतंत्र वीजपुरवठा जोडतो.

काही बदल तर आवश्यकच असतात. अमेरिकेतून आलेल्या यंत्रात ६० आवर्तनांच्या विजेसाठीची पुली असते. ते यंत्र भारतात लावले तर मोटार एक षष्ठांश मंद फिरेल आणि ३३⅓ चे सुमारे २८ फेरे होतील. गायकाचा स्वरच उतरेल. तेथे पुली बदलण्यावाचून गत्यंतर नाही. इंग्लंडमधून आलेल्या यंत्राला हा त्रास नाही, कारण तेथील व आपली वारंवारता एकच आहे.

प्रश्न येतो तो परत न फिरविता येणाऱ्या बदलांचा. नवी बैठक उद्या काढता येते. नवी पुली काढून जुनी पुन्हा बसविता येते. परंतु मूळ पत्र्याला पाडलेले छिद्र बुजत नाही. मूळ करडा रंग खरवडून दिलेला चकचकीत रंग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. सोन्याचा दागिना मोडून नवा घडविता येतो, तेथे फक्त घट आणि घडणावळ जाते. हिऱ्याचा उतरविलेला कण मात्र परत चिकटत नाही. कसबी कारागीर म्हणून दोन नियम पाळतात : जे काढता येईल तेच जोडावे, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून यंत्राबरोबर मालकाला परत द्यावा.

स्विंडनचे नाव, पुण्याचा हात

या कथेचा पुढचा अध्याय महाराष्ट्राशी जोडलेला आहे. इंग्लंडमधील स्टेनिंग येथील एसएमई ही कंपनी आपल्या अत्यंत अचूक टोनआर्मसाठी जगभर प्रसिद्ध आहे. ३०१ वर तिचाच आर्म बसविण्याची रसिकांची जुनी रीत. २०१६ मध्ये ही कंपनी पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाकडे आली. दोन वर्षांनी याच समूहाने गॅरार्ड हे नाव आणि लॉरिक्राफ्टचा उद्योगही घेतला. आता जुनी ३०१ यंत्रे पूर्ण सुटी करून, झिजलेले भाग नव्याने बनवून, पुन्हा गॅरार्डच्याच नावाने विकली जातात. ज्यांची यंत्रे एकमेकांसाठीच बनली होती अशी दोन घराणी इतक्या वर्षांनी एका छपराखाली आली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील बोध स्पष्ट आहे. कारखाना बंद पडतो, यंत्रसामग्री विकली जाते, पण चोख मालाने कमावलेले नाव पन्नास वर्षांनंतरही भांडवल ठरते.

बाजारातील खरे-खोटे

मात्र जेथे नावाला किंमत येते, तेथे खोटे नावही येते. आपल्याकडील जुन्या वस्तूंच्या बाजारांत पितळी कर्णा लावलेले, प्रख्यात कंपनीचे चित्र चिकटविलेले ग्रामोफोन ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ म्हणून सर्रास मिळतात. त्यातील बहुतेक नव्या खोक्यात कोठली तरी मोटार घालून जुळविलेले असतात. कर्ण्याचा पातळ पत्रा, नव्या लाकडावर चढविलेला काळपट रंग आणि चकचकीत नवे स्क्रू त्यांचे पितळ उघडे पाडतात. शोभेची वस्तू म्हणून ती घेण्यास हरकत नाही; फसवणूक आहे ती नव्याला जुने म्हणण्यात.

दुरुस्त केलेल्या यंत्राबाबतही हाच निकष लागतो. नवा भाग घालणे यात कमीपणा काहीच नाही, तो न सांगणे यात आहे. म्हणून विकत घेणाऱ्याने एक साधी गोष्ट मागावी : कोणते भाग मूळचे, कोणते बदललेले, रंग मूळचा की नवा, याची लेखी यादी. प्रामाणिक कारागीर ती आनंदाने देतो, कारण त्याच यादीत त्याच्या कष्टांचा हिशोब असतो. जो देण्यास काचकूच करतो, त्याच्याकडून घेण्याची घाई करू नये.

आपल्या माळ्यावर

प्रत्येकाच्या घरी गॅरार्ड ३०१ असणार नाही. परंतु माळ्यावर एचएमव्हीचा फिएस्टा किंवा एखादा जुना रेडिओग्रॅम अनेक कुटुंबांत अजून आहे. घर बदलताना, वाटण्या होताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत अशा वस्तू पहिल्यांदा भंगारात जातात. तसे करण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य कराव्यात. धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी. थाळी हाताने हलकेच फिरवून पाहावी. वीज जोडण्याआधी वायर जाणकाराला दाखवावी. सुई झिजली असेल तर ती बदलल्याखेरीज तबकडी लावू नये, कारण झिजलेली सुई एका वादनातही तबकडीचे कायमचे नुकसान करू शकते. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आणि एक गोष्ट आजी-आजोबांकडून लिहून घ्यावी : हे यंत्र कोणी, कोठून आणि कोणत्या प्रसंगी आणले.

दुरुस्तीला किती खर्च करावा, याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीने घ्यावा. कित्येकदा एक रबरी चाक, थोडे तेल आणि नवी सुई एवढ्यावर काम भागते. चाळीस वर्षे मुका राहिलेला तो खोका बोलू लागला की घरातील वडीलधारी माणसे कोठली तबकडी आधी मागतात, ते नातवंडांनी अवश्य ऐकावे.