खात्री किती, हेही सांगा

कार्यालयातील बैठकीत दोन प्रकारची माणसे हमखास आढळतात. काहींना प्रत्येक गोष्टीची 'शंभर टक्के' खात्री असते. काहींचे प्रत्येक वाक्य 'मला यातलं फारसं कळत नाही, पण...' असे सुरू होते. पहिल्यांचे म्हणणे मान्य होते, दुसऱ्यांचे विरून जाते; आणि अधिक माहिती कोणाजवळ होती, हे पाहायचेच राहून जाते. आत्मविश्वास म्हणजे आवाजाची उंची नव्हे. हाती असलेल्या पुराव्याला शोभेल इतक्याच ठामपणे बोलणे, हा खरा आत्मविश्वास.

मोघम शब्दांची किंमत

१९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्याने, सीआयएने, एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' वर्तवली. अहवालाशी संबंधित विश्लेषक शर्मन केंट यांच्या मनात हे प्रमाण शंभरात सुमारे ६५ होते. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा कोणी २० म्हणाले, कोणी ८०! एकाच मसुद्याला संमती देणाऱ्यांच्या मनातले अर्थ इतके भिन्न होते. पुढे १९६४ मध्ये केंट यांनी 'बहुधा', 'जवळजवळ निश्चित' अशा शब्दांना ठरावीक टक्केवारी जोडण्याची सूचना केली.

आपल्याकडे 'होऊन जाईल', 'प्रयत्न करतो', 'बघू' हे शब्द याच जातीचे. 'अहवाल शुक्रवारी मिळेल ना?' या प्रश्नावरील 'होऊन जाईल' हे उत्तर वरिष्ठांना होकार वाटते. देणाऱ्याला मात्र ती केवळ आशा असते. त्याऐवजी 'आकडेवारी बुधवारपर्यंत आली, तर शुक्रवारी नक्की. नाही तर सोमवारी' असे म्हटल्यास शब्द थोडेच वाढतात, गैरसमज मात्र टळतो.

दबलेली शंका

वरिष्ठांसमोर शंका दबक्या आवाजात मांडली, की ती सहज झटकली जाते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. केएलएमच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा पॅन अ‍ॅमचे विमान अजून त्याच धावपट्टीवर होते. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने 'ते विमान अजून बाजूला झालेले नाही का?' अशा अर्थाचा प्रश्न विचारला. अनुभवी कप्तानाने ठामपणे ते बाजूला झाल्याचे सांगितले आणि विषय संपला. काही क्षणांतच झालेल्या टकरीत ५८३ जणांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना.

अशा अपघातांच्या अभ्यासातून पुढे वैमानिकांसाठी खास प्रशिक्षण आले. कनिष्ठाने शंका कशी मांडावी, हे त्यात पायरीपायरीने शिकवले जाते: आधी समोरच्याला नावाने वा पदाने हाक मारून लक्ष वेधा, काळजी व्यक्त करा, अडचण नेमकी सांगा, उपाय सुचवा आणि शेवटी 'हे मान्य आहे ना?' असे विचारून उत्तर घ्या.

कार्यालयात काय करावे?

कार्यालयातही हीच रीत उपयोगी पडते. 'सर, या खर्चाबद्दल मला काळजी वाटते. यात वाहतुकीचा आकडा धरलेला नाही. उद्यापर्यंत तो मिळवून मगच पत्र पाठवू या. चालेल ना?' यात उद्धटपणा नाही आणि मुद्दाही हरवत नाही. आपले मत मांडताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: मला ठाऊक काय आहे, माझा अंदाज काय आहे आणि काय कळल्यास मी मत बदलेन.

जबाबदारी अर्थात एकट्या बोलणाऱ्याची नाही. वरिष्ठांनी आपले मत आधीच जाहीर केले, तर बैठकीत उरते ती माना डोलावण्याची औपचारिकता. त्यांनी शेवटी बोलावे आणि 'यात कुठे चूक दिसते?' असे सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला आवर्जून विचारावे. 'मला नक्की माहीत नाही, पण दुपारपर्यंत सांगतो' या उत्तराला जेथे कमीपणा येत नाही, तेथेच 'मला नक्की माहीत आहे' या शब्दांना वजन येते.